पऱ्हाटीच्या कोळशाचे सर

सरांच्या खिशात पेन कधी सापडायचा नाही, पण कोळशाची पुडी कायम असायची. एखाद्याच्या खिशात तंबाखूची असते तशी. सोबत चुन्याची डबी नव्हती एवढाच फरक. लग्नाच्या मांडवात त्यांच्या हातात लालभडक सरबताचा ग्लास आला की आम्ही सहकारी हळूच मागं सरकायचो. सर ग्लास उजेडाला धरायचे. एक डोळा मिटायचे. मग पुडी सोडून चिमूटभर काळी भुकटी सरबतात टाकायचे आणि बोटानं ढवळत बसायचे. तोवर अर्धा मांडव त्यांच्याभोवती. मग दुसऱ्या ग्लासावर रुमाल ताणून सगळं गाळायचे. खाली उतरायचं ते विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. ते पिऊन, जीभ टाळ्यावर वाजवून, वधूपित्याला नेमकं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "साखर कमी हाय."

एका वधूपित्यानं तर सरबताचा रंग जाणं हा अपशकुन मानून आपले चार धिप्पाड भाचे सरांच्या अंगावर सोडले होते. सर पळाले नाहीत. त्यांनी भाच्यांनाही गाळून दाखवलं. पुढचा तासभर मांडवात कोणी रंगीत सरबत घेईना; नवरदेवसुद्धा गाळून मागत होता. हे मी वाढवून सांगतोय असं वाटलं तर वाटू द्या. मी इतिहास शिकवतो. थोडं वाढवल्याशिवाय पोरं जागी राहत नाहीत.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सर रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांची प्रयोगशाळा माझ्या वर्गाला चिकटून. प्रयोगशाळेमागे एका जुन्या डांबराच्या पिंपात ते दिवसभर काहीतरी जाळत असायचे, आणि तो धूर थेट माझ्या खिडकीतून आत. माझ्या वर्गात पानिपत झालं ते खोकत झालं. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले तेव्हा मागच्या बाकावरची पोरं खरोखर दिसत नव्हती. मी भांडायला गेलो की सर मला ओढून पिंपाजवळ न्यायचे. "अबे, हे पाय! काय झ्याक जळून राह्यली तुरीची काडी!" भांडण विसरून मी पाहत बसायचो. जळणारी काडी कुणी एवढ्या प्रेमानं दाखवली तर माणूस काय करणार?

सरांचं सारं आयुष्य एका गोष्टीत गेलं. पाण्यात मिसळलेला रंग पाण्यातून बाहेर कसा काढायचा. तोही फुकटात. बाजारात चांगला कोळसा मिळतो, पण तो श्रीमंतांचा. सरांना हवा होता उकिरड्यावरचा. त्यांनी काय काय जाळलं म्हणाल? कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळल्या, तुरीच्या तुराट्या जाळल्या, दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं, सीताफळाच्या साली, भुईमुगाची टरफलं, बाभळीच्या शेंगा. संत्र्याच्या दिवसांत स्टाफरूममध्ये कोणी संत्रं सोललं की सर शेजारी ताटली घेऊन उभे. गाव म्हणायचं, सरांच्या घरापुढून जाताना लाकडी काठी टेकत जाऊ नका; परत येताना काठीशिवाय यावं लागेल. सरांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, तर म्हणायच्या, "मी गेली का नाई, त माह्यं सरण बी हे पाण्यानं इझवतीन. कोळसा वाया नोको जाऊ म्हणतीन." सर त्यावर लाजून हसायचे. नाही म्हणायचे नाहीत.

कोळशाकोळशात ते फरक करायचे, जसा आपण जावयांत करतो. बीबी गावाकडच्या पऱ्हाटीचा कोळसा म्हणे तापट. रंगावर एकदम झडप घालतो, पण लवकर दमतो. वडनेर भोलजीच्या तुराटीचा शांत, हळूहळू खातो, पण शेवटपर्यंत जेवतो. आणि उंद्रीचा? उंद्री सरांचं गाव. "उंद्रीच्या कोळशाची गोष्टच येगळी," एवढंच ते म्हणायचे. त्यावर प्रयोगाचा पुरावा मागायची हिंमत आमच्या कॉलेजात कोणाची नव्हती.

'खातो' म्हटलेलं मात्र त्यांना वर्गात चालायचं नाही. एका पोरानं उत्तरात लिहिलं, कोळसा रंग शोषून घेतो. सरांनी त्याला उभं केलं.

"वावरात गेला होता का कधी?"

"हाव सर."

"गवतातून चालला की पॅन्टले काय लागते?"

"कुसळं."

"मंग पॅन्ट कुसळं खाते का?"

"नाई सर. लागून राहातात."

"हे अधिशोषण. स्पंज पितो, ते शोषण. कोळसा पीत नाही, लावून घेतो. बस खाली. आणि पाय, चिमूटभर कोळशाच्या आत एवढे भोकं असतात, एवढे भोकं, का ते सगळे उलगडून पसरले त आख्खं वावर होते."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, सातबारा कोणाच्या नावावर?"

वर्ग हसला. सर सगळ्यांत जास्त हसले, आणि पुढची कितीतरी वर्षं तो विनोद ते आपला म्हणून सांगायचे.

धुळवडीला गाव त्यांच्यापासून लांब राहायचं. कारण रंग लावायला गेलेल्या माणसाला ते घट्ट धरून ठेवायचे. "कोणता हाय? कुठून आणला? पुडी दाखव." मग आपल्याच गालावरचा रंग चमच्यानं खरवडून बाटलीत. एवढी चौकशी झाल्यावर कोणाला मजा येईल? पोट्टे दुसऱ्या गल्लीनं जायचे. सर बाटली घेऊन दारात वाट पाहायचे.

असा हा माणूस. गावाच्या लेखी निरुपद्रवी येडा. मग सुभद्राबाईंचं झालं आणि तो येडा अचानक गरजेचा झाला.

सुभद्राबाई म्हणजे आमच्या गावची रंगारीण. नाल्याच्या काठावर पत्र्याचं शेड, दोन चुली, मोठाली पातेली. नवरा गेल्यावर बाईनं एकटीनं रंगकाम चालवलं. ब्लाउजला मॅचिंग ओढणी, विटलेल्या साडीला नवा जन्म, आणि सणासुदीचं कापड. एप्रिलात जयंतीच्या झेंड्यांचं निळं, उरुसाला हिरवं, गणपतीत भगवं. उरलेलं पाणी नाल्यात. आमच्याकडे नाला पाहून लोक तिथी सांगायचे. "आज नाला निळा हाय, म्हंजे जयंती आली." कॅलेंडर टांगायची गरज नव्हती.

पण नाल्याच्या खालच्या अंगाला नामदेवरावांचा गोठा. नामदेवराव म्हणजे तापट माणूस, मिशा अशा की त्यांच्यावर ओढण्या वाळत घालाव्यात. त्यांचा पांढराशुभ्र बैल एकदा नाल्यात उतरला तो पोटापर्यंत हिरवा होऊन वर आला. पोळ्याला सगळे आपापले बैल रंगवून आणत होते. नामदेवरावांचा रंगूनच उभा. लोक हसले. तिथवर ठीक होतं. पण मग दुधाचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. "नामदेवभाऊ, आज कोणत्या रंगाचं दूध हाय?" असं बायका विचारायच्या आणि रिकामं भांडं घेऊन पुढं जायच्या. यात हसण्यासारखं काही नव्हतं. नामदेवराव नगरपरिषदेत गेले, आणि सुभद्राबाईंना नोटीस आली. रंगाचा थेंब नाल्यात दिसला तर शेडला कुलूप.

बाई नोटीस घेऊन कॉलेजात आल्या. सर पिंपात पऱ्हाट्या टाकत होते. बाई दुरूनच म्हणाल्या, "सर, तुमी म्हणे रंग काढता."

"हाव."

"माह्या पाण्यातला काढून द्या. मले दुसरं काही येत नाही."

सरांनी पिंपावर झाकण टाकलं. मी खिडकीतून पाहत होतो. या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी स्वतःहून रंगाचं विचारायला आलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी एरवी फक्त लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या चेहऱ्यावर पाहिलंय, आणि तेही सगळ्याच नवरदेवांच्या नाही.

दुसऱ्याच दिवशी शेडमागे निळं प्लॅस्टिकचं पिंप उभं राहिलं. खाली गिट्टी, वर रेती, त्यावर पऱ्हाटीच्या कोळशाचा जाड थर, वर फडकं, बुडाशी नळ. वरून रंगीत पाणी ओतायचं, खालून साफ काढायचं. निळा पहिल्याच दिवशी कोळशावर बसला. हिरव्यानं थोडे नखरे केले. लाल मात्र बसेना. लाल पाणी वरून जायचं आणि तसंच लाल खाली यायचं, जसं काही कोळशाशी त्याचं जुनं वैर. सर डोक्याला हात लावून बसले, मग उठून म्हणाले, "सुभद्राबाई, चिंच हाय घरात?" चिंचेच्या आंबट पाण्यानं लालाचा रुसवा गेला. बाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाईसारखा हाय. आंबट भाजी केल्याशिवाय बोलत नव्हत्या."

नामदेवरावांचा यावर काडीचा विश्वास नव्हता. ते रोज सकाळी येऊन पिंपापुढं उकिडवे बसायचे.

"मास्तर, आज नाही तर उद्या फसन हे. मी पकडीन तवा कळन."

"पकडा ना भाऊ. पण पाटी भरू लागा तोवर."

शिव्या देत देत नामदेवराव कोळशाची पाटी भरू लागायचे. का, ते त्यांनाही माहीत नसावं.

आता त्या सकाळची गोष्ट.

कोळसा रंगानं भरला की बदलावा लागतो. पोटभर जेवलेल्या माणसाला किती आग्रह करणार? सरांनी जयंतीच्या निळ्यानं भरलेला कोळसा काढून शेडपुढं फडक्यावर वाळत घातला होता. मऊ, मैद्यासारखा. आणि आमच्या गावात अजूनही निम्मी म्हातारी माणसं राखुंडीनं दात घासतात. गल्लीतल्या कोणा बाईनं तो कोळसा पाहिला. सरांचा कोळसा म्हणजे काय साधासुधा असणार? तिनं ओंजळभर नेला, त्यात मीठ घातलं, लवंग कुटली. शेजारणीला दिला. शेजारणीनं तिच्या शेजारणीला. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली ओट्यावर बसून दात घासत होती, आणि अख्ख्या गल्लीचं तोंड निळं झालं.

निळं म्हणजे कसं? कोणी बोलायला तोंड उघडलं की आत आभाळ. एका आजोबांनी थुंकल्यावर कोंबड्या पळाल्या. नातवंडं आज्यांजवळ जाईनात. एका घरात सुनेनं सासूला आरशात पाहू दिलं नाही, आणि म्हणे त्या घरात तो सर्वांत शांत दिवस होता.

आणि त्याच दिवशी मुख्याधिकारी मॅडमची पाहणी ठरलेली.

सर धावत आले ते घाबरून आले असतील असं मला वाटलं. छे! ते गल्लीत घरोघर फिरत होते. "आजी, आ करा. जीभ वर. मीठ किती टाकलं होतं?" आज्यांना कळेना रडावं की मारावं. सर मात्र माझा दंड धरून ओरडले, "मिठानं सुटला! अबे, लावून घेतलेला रंग कोळशानं मिठानं सोडला! म्हंजे कोळसा धुऊन परत वापरता येते! इतके वर्षं मी हे दुसरीकडंच शोधत होतो!"

"सर," मी म्हणालो, "मॅडमची जीप आली."

मॅडम तरुण होत्या, बाहेरच्या. शेडपुढं गर्दी जमली होती, पण एरवी जिथं चार माणसं जमली की आठ जण बोलतात, तिथं एकही जण तोंड उघडेना. सगळ्यांनी तोंडाला पदर, रुमाल, दुपट्टे लावलेले. मॅडमना वाटलं, वास येतोय. त्यांनीही रुमाल लावला.

"तक्रार कोणाची आहे?"

नामदेवरावांनी हात वर केला. दुपट्टा नाकापर्यंत बांधलेला. मिशा दोन्ही बाजूंनी बाहेर.

"बोला."

"हं."

"काय तक्रार आहे?"

"हं... हं हं." आणि नाल्याकडे बोट.

मी सुभद्राबाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत आशा दिसली मला. तक्रारदारच बोलेना तर तक्रार राहतेच कुठं? अजून चार क्षण गप्प राहिलं असतं तर जीप निघून गेली असती. माझी खात्री आहे.

पण सर पुढं झाले. "मॅडम, त्याईले बोलता येत नाही. त्याईचं तोंड निळं हाय. सगळ्यांचंच हाय. वापरलेला कोळसा मी उघड्यावर ठेवला. चूक माही."

मग काय, दुपट्टे सुटले. मॅडमनी एकेक तोंड पाहिलं. त्या हसल्या नाहीत. खालचा ओठ मात्र त्यांनी दातांत धरून ठेवला होता. मग सरांना शांतपणे विचारलं, "सर, तुमचा कोळसा लोकांच्या दातांपर्यंत पोचतो, आणि नाल्यात पोचणार नाही असं तुम्ही म्हणता?"

सरांनी खिशातली पुडी काढली, पाहिली आणि परत खिशात ठेवली.

सुभद्राबाई म्हणाल्या, "मॅडम, दात घासले तर दोन दिसात साफ होतीन. शेड गेलं माह्यं, त मी काय घासू?"

मॅडमनी नळ उघडायला लावला, पाणी पाहिलं, वास घेतला. मग म्हणाल्या, "पाणी स्वच्छ आहे, हे मी मान्य करते. पण हे सगळं सरांच्या जिवावर चाललंय. सर कधी निवृत्त होताय?"

"याच वर्षी."

"मग त्या दिवशी मी परत येईन. हे पिंप तुमच्या हाताशिवाय चालताना मला दिसलं पाहिजे. तुमचं एक बोटसुद्धा लागता कामा नये. नाही चाललं, तर त्याच दिवशी कुलूप."

त्या दिवसापासून सर शिकवायला लागले. सुभद्राबाई शिकल्या, पण त्यांना चुलीवरचं पातेलं सोडून पिंपापाशी थांबता येईना. मीही शिकायला बसलो; सरांनी मला दुसऱ्या दिवशी हाकललं. "तू इतिहास शिकव. तुह्या हातून पाणी पण वाढूनच येईन." कॉलेजातली पोरं यायची, परीक्षा आली की जायची. नामदेवराव मात्र रोज. ते शिकायला येत नव्हते हो! ते पकडायला यायचे. नळाखाली ग्लास धरायचे, बैलाच्या पाठीशी लावून पाहायचे, पाणी पांढरं दिसतंय की नाही. तो पांढरा बैल आता खालच्या बाजूनंही पांढरा झाला होता. "आज जरा पिवळट हाय, मास्तर. बदला कोळसा." सर म्हणायचे, "तुमीच बदला. मले दिसत नाही." सरांना उत्तम दिसायचं.

मिठानं सुटलेलं निळं पाणी बाईंनी वाया घालवलं नाही. गडद परकरांच्या पहिल्या हाताला तेच वापरायला लागल्या. सरांना हे सांगितलं तेव्हा ते पातेल्यावर वाकले. बाई म्हणाल्या, "काय पाहून राह्यले?" सर म्हणाले, "काही नाही. आलेला पाव्हणा परत घरी गेल्यासारखं वाटलं."

निवृत्तीचा दिवस आला. हॉलमध्ये निरोप समारंभ. हार, शाल, नारळ. मागच्या बाजूला कढईत पुऱ्या. प्राचार्य पांढऱ्याशुभ्र कडक शर्टात भाषणाचा कागद घेऊन बसलेले. सगळं होतं, सत्कारमूर्ती नव्हते. मला स्कूटर काढायला लावली. मला कुठं जायचं ते विचारायची गरज नव्हती.

नाल्यावर जीप आली होती. मॅडम, सोबत शिपाई. शिपायाच्या हातात कुलूप. खरंखुरं, पितळी, चांगलं मूठभर. सुभद्राबाई लाल रंगाचं पातेलं घेऊन उभ्या. लालच. मॅडमनीच सांगितलं होतं, सगळ्यांत अवघड असेल तो ओता. सर एका खाटेवर बसलेले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आणि पिंपात कोपरापर्यंत हात घालून नामदेवराव नवा कोळसा भरत होते.

मला पाहून म्हणाले, "मास्तरले सांगा, हात हलवू नोका. पाव्हण्यानं घरातल्या कामाले हात लावू नये."

मी सरांशेजारी बसलो. मागून धापा टाकत प्राचार्य, त्यांच्या मागे सगळा स्टाफ. पुऱ्या गार होत होत्या, सत्कार झाल्याशिवाय पंगत बसणार नव्हती. हार घेऊन सगळे चिखलात उभे राहिले. प्राचार्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि तिथंच सुरू केलं, "आज आपण एका ऋषितुल्य..."

सुभद्राबाईंनी पातेलं वाकवलं. लाल पाणी फडक्यावर पसरलं. सगळे नळाकडे पाहायला लागले. नळातून पाणी आलं.

काळं.

डांबरासारखं काळं. गर्दीतून "अरे बाप्पा!" आला. शिपायानं कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. नामदेवरावांच्या मिशा खाली आल्या.

मी सरांच्या कानाशी लागलो. "काऊन काळं?"

"कोळसा धुतला नाही त्यानं. भुकटी येऊन राह्यली."

"मंग सांगा ना!"

सरांनी मान हलवली. "सांगितलं, त मीच केलं होईन."

त्यांचे हात मांडीखाली होते, पण पायाची बोटं चपलेत आकसत होती, मोकळी होत होती, परत आकसत होती. आयुष्यभर ज्या माणसानं परक्याच्या सरबतातसुद्धा बोट घातलं, तो माणूस आज स्वतःच्या पिंपापासून हातभर अंतरावर बसून होता. एवढा मोठा प्रयोग त्यांनी प्रयोगशाळेत कधी केला नसेल.

नामदेवरावांनी नळातलं काळं पाणी तळहातावर घेतलं. बोटानं चोळलं. नाकाशी नेलं. मग एकदम आपल्याच कपाळावर हात मारला. कपाळ काळं झालं. "थांबा! थांबा बे सगळे! धुतलाच नाही म्या!" लाल थांबवलं. साध्या पाण्याच्या बादल्या वरून ओतल्या, एकामागून एक, खालून काळं, मग राखाडी, मग मळकट, मग साधं येईतो. मॅडम वाट पाहत राहिल्या. त्याबद्दल मी त्यांना आजही मानतो.

"आता ओता, बाई."

बाई पुढं झाल्या. नामदेवरावांनी हात आडवा केला. "चिंच?"

सरांनी डोळे मिटले. ओठ हलले. चिंचेचं पाणी पातेल्यात पडलेलं ऐकू आल्यावर उघडले.

लाल पाणी परत वरून गेलं. नळ कोरडा. प्राचार्यांनी घसा साफ केला. "तर अशा या ऋषितुल्य..."

"शू!" सुभद्राबाई म्हणाल्या. प्राचार्यांना.

नळाच्या तोंडाशी थेंब जमला. मोठा होत होत लोंबकळला. पडला. नामदेवरावांनी ग्लास धरला होता. दुसरा पडला, तिसरा, मग बारीक धार. नामदेवराव ग्लास घेऊन उठले, बैल शोधायला इकडंतिकडं पाहिलं, बैल नव्हता. तेव्हा त्यांनी तो सरळ प्राचार्यांच्या छातीला, त्या कडक शर्टाला लावला, आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"साफ हाय," ते म्हणाले. "सायेब, तुमचा सदरा जरा पिवळा पडला."

मॅडमनी ग्लास घेतला. उजेडाला धरला. आणि शिपायाला म्हणाल्या, "ते कुलूप जीपमध्ये ठेवा."

सुभद्राबाई तिथंच जमिनीवर बसल्या. पातेलं मांडीवर घेऊन, जसं काही ते पातेलं तान्हं आहे. नामदेवराव त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "उठा वैनी. भगवं बाकी हाय अजून. गणपती जवळ आले."

सरांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले. खाटेच्या नवारीचे वळ उठले होते त्यांवर. आम्ही त्यांच्या गळ्यात हार घातला, शाल पांघरली. प्राचार्यांनी कागद उघडला आणि ऋषितुल्यपासून परत सुरुवात केली. कोणी ऐकत नव्हतं. सगळा स्टाफ नळाकडे वाकून पाहत होता. तिसऱ्या ओळीला प्राचार्यही थांबले, कागद खिशात घातला, आणि धोतर सावरावं तशी पॅन्ट वर ओढून चिखलात उकिडवे बसले.

"पुढचं पातेलं ओता बरं, बाई," ते म्हणाले.